फेलओव्हर होतो, पण फायरवॉलबाहेरून संकेतस्थळ काही मिनिटे उघडत नाही

प्रश्न:
आमच्या फायरवॉलमागे दोन लिनक्स वेब सर्व्हर असून कीपअलाइव्हडी (एक सर्व्हर बंद पडल्यास पत्ता दुसऱ्याकडे नेणारे सॉफ्टवेअर) याच्या साहाय्याने त्यांना एक सामाईक आयपी पत्ता दिलेला आहे. मुख्य सर्व्हर बंद केल्यावर दुसरा सर्व्हर तीन-चार सेकंदांत तो पत्ता घेतो (म्हणजे फेलओव्हर होतो) आणि त्याच सबनेटमधील संगणकांवर संकेतस्थळ व्यवस्थित उघडते. बाहेरून मात्र काही मिनिटे काहीच उघडत नाही आणि नंतर आपोआप सुरू होते. फायरवॉलवरील नॅटच्या (बाहेरील पत्त्याचे आतील पत्त्यात रूपांतर करण्याच्या) नियमात सामाईक पत्ताच आहे. मग अडते कुठे?

प्रतिसाद १:
आपोआप सुरू होते, यावरूनच एआरपीचा, म्हणजे आयपी पत्त्यावरून नेटवर्क कार्डाचा मॅक (हार्डवेअर) पत्ता शोधण्याच्या पद्धतीचा, संशय येतो. कीपअलाइव्हडी एरवी नेटवर्क कार्डाचाच मॅक पत्ता वापरतो आणि आयपी पत्ता हलल्यावर ग्रॅच्युइटस एआरपी (कोणी न मागता दिलेला एआरपी संदेश) पाठवून तो बदल इतरांना कळवतो. परंतु काही फायरवॉल सुरक्षेसाठी असे न मागितलेले संदेश स्वीकारत नाहीत, त्यामुळे जुनी नोंद मुदत संपेपर्यंत तशीच राहते. फेलओव्हर होताच फायरवॉलचा एआरपी तक्ता पाहा. तेथे असे संदेश स्वीकारण्याची सवलत देता येत नसेल, तर कीपअलाइव्हडीत व्हर्च्युअल मॅकचा, म्हणजे दोन्ही सर्व्हरनी एकच सामाईक मॅक पत्ता वापरण्याचा, पर्याय आहे. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असल्यास ती चालवणाऱ्या हायपरव्हायझरच्या स्विचवर त्या मॅकला परवानगी द्यावी लागेल, आणि नेमके तेच बहुधा राहून जाते.

प्रतिसाद २:
वरील निदान पटते. सोबत दोन्ही सर्व्हरवरील आयपीटेबल्सही (लिनक्समधील फायरवॉलचे नियम) तपासावेत. मुख्य सर्व्हर कोण हे ठरवण्यासाठी कीपअलाइव्हडी वापरतो त्या व्हीआरआरपीचे संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर जातात आणि व्हीआरआरपी हा टीसीपी किंवा यूडीपी नसून स्वतंत्र आयपी प्रोटोकॉल, क्रमांक ११२ आहे. त्यामुळे एखादा पोर्ट उघडून काहीही साधत नाही. हे संदेश अडले, तर दोन्ही सर्व्हर स्वतःला मास्टर (मुख्य) समजतात. टीसीपीडंप या पॅकेट टिपणाऱ्या साधनात संदेश दिसतात म्हणून निर्धास्त राहू नये, कारण येणारे पॅकेट तो आयपीटेबल्सच्या आधीच टिपतो.

प्रतिसाद ३:
फायरवॉल एकच असेल, तर माझ्या मते पुढचा खर्च तिथेच करावा. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरच्या जोडीत कार्पमुळे (व्हीआरआरपीसारखाच प्रोटोकॉल) पत्ता दुसरीकडे जातो, पण चालू जोडण्यांची माहिती पीएफसिंकने (ती माहिती दुसऱ्या फायरवॉलला देणारी सोय) आधीच पोहोचलेली नसेल तर त्या तुटतात. दोन्ही फायरवॉल एकाच यूपीएसवर ठेवू नयेत.

प्रश्नकर्ता:
तक्त्यात जुनाच मॅक पत्ता होता. ती नोंद हाताने काढताच बाहेरूनही संकेतस्थळ उघडले. आता व्हर्च्युअल मॅकची चाचणी घेतो.