मशीन शॉपमधली माणसं पगारी की कॉन्ट्रॅक्टर? टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कुठल्या कलमात?

उद्यमबाग_शॉप:
बेळगावच्या उद्यमबागेत एकट्याच्या मालकीचं छोटं युनिट, गेल्या वर्षीची उलाढाल दीड कोटी. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ६ ऑपरेटर, प्रत्येकी महिना २० हजार. फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) चंदगडकडचा एक जण घेतो: किलोवर दर, ग्राइंडर त्याचे, पोरं त्याची ५, काम आमच्याच आवारात. प्रोग्रॅमर आठवड्यातून दोनदा येतो. हिशेबनीस म्हणतो, सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टरचं कलम १९४सी लावा, १ टक्का कापा, कटकट मिटली. चालेल?

खतावणी:
नाही चालणार. तिघं तीन कलमांत जातात.

ऑपरेटर पगारीच. शिफ्ट तुम्ही ठरवता, मशीन तुमची, बदली माणूस तो परस्पर पाठवू शकत नाही. कागदावर 'जॉब वर्क करार' लिहिल्यानं काही बदलत नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात शिंपी नगावर पैसे घ्यायचे, तरी सुप्रीम कोर्टानं त्यांना कामगारच धरलं. म्हणजे पगाराचं कलम १९२.

फेटलिंगवाला खरा कॉन्ट्रॅक्टर. १९४सी, धंदा एकट्याच्या नावावर असेल तर १ टक्का, भागीदारी फर्म असेल तर २. एक बिल ३० हजारांवर गेलं की कापा; छोटी बिलं असतील तर वर्षाची बेरीज १ लाख ओलांडताच मागच्या सगळ्या रकमेवर. इथंच बरेच जण फसतात, फक्त वरच्या रकमेवर कापतात. पॅन नसेल तर २० टक्के. व्यवसायाची आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीवर, म्हणून कापणं तुम्हाला लागू आहे.

प्रोग्रॅमर १९४जे, म्हणजे तांत्रिक आणि व्यावसायिक फीचं कलम. वर्षाला ५० हजारांवर गेला की तांत्रिक सेवेला २ टक्के, व्यावसायिक फी ठरली तर १०. बिलावर कामाचं वर्णन नीट लिहून घ्या.

उद्यमबाग_शॉप:
पण ऑपरेटरांनाच १ टक्का बरा वाटतो की हो. पगार म्हटलं की जास्त कापेल अशी भीती.

खतावणी:
उलटं आहे. वर्षाला २ लाख ४० हजार म्हणजे प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आतच, पगार म्हणून टीडीएस शून्य. कॉन्ट्रॅक्टर दाखवलं तर २,४०० रुपये जातील आणि परत मिळवायला रिटर्न भरावं लागेल.

हजेरीबुक:
टॅक्सपेक्षा जास्त गोत्यात आणेल ते ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. ६ ऑपरेटर आणि फेटलिंगची ५ पोरं मिळून ११. आवारात काम करणारी कॉन्ट्रॅक्टरची माणसंही मोजणीत येतात आणि १० माणसं झाली की नोंदणी लागते. मर्यादा २१ हजार पगाराची; मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. फेटलिंगवाल्यानं भरलं नाही तर आधी तुमच्याकडून वसूल होतं, मग तुम्ही त्याच्या बिलातून कापायचं. त्यामुळे दर महिन्याला त्याच्या ईएसआय भरल्याच्या चलनाची नक्कल मागा, ती आली की मगच बिल सोडा. पीएफ २० माणसं झाली की लागतो, अजून लांब आहे.

पोरं चंदगडहून येवोत की खानापूरहून, युनिट बेळगावात म्हणून व्यवसाय कर कर्नाटकाचाच: पगार २५ हजार झाला की महिना २००, फेब्रुवारीत ३००. आज तुमच्या ऑपरेटरांना लागत नाही, पण ओव्हरटाइम धरून एखाद्या महिन्यात गेला तर बघा.

खतावणी:
वरचे कलमांचे आकडे १९६१ च्या जुन्या कायद्यातले; १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा. पगारासाठी कलम ३९२, बाकी सगळा टीडीएस ३९३ मध्ये. सॉफ्टवेअरमधले जुने कोड बदलून घ्या.