गुणोत्तर आणि टक्के एकत्र आले की सरासरी का चालत नाही?

पाटीपेन्सिल:
भाच्याला शाब्दिक उदाहरणं शिकवतेय. एका परीक्षेला बसलेल्या मुलगे आणि मुलींचं गुणोत्तर ३:२, मुलग्यांपैकी २०% नापास, मुलींपैकी ३०% नापास, तर एकूण किती टक्के नापास? तो सरळ २० आणि ३० ची सरासरी काढून २५ म्हणतो, पुस्तकात उत्तर २४ आहे. सूत्राने २४ येतंय मला, पण "२५ का नाही" हे त्याला पटेल असं सांगता येत नाहीये. शिवाय पुढचा प्रश्न, नापास झालेल्यांत मुली किती टक्के, तिथे तो परत ३० च लिहितो 😅

तिरकस_कंस:
सूत्र बाजूला ठेवा, १०० जण धरा. ३:२ म्हणजे एकूण ५ भाग, म्हणून मुलगे ६० आणि मुली ४०. ६० चे २०% म्हणजे १२, ४० चे ३०% म्हणजे पण १२, झाले २४. मुलगे जास्त आहेत ना, मग उत्तर २० कडे झुकणारच, संख्या सारख्या असत्या तर २५ बरोबर होतं. आणि नापास २४ मधल्या १२ मुली, म्हणजे ५०%. "मुलींपैकी नापास" काढताना ४० ने भागायचं, "नापासांपैकी मुली" काढताना २४ ने. टक्के दिसले की पहिलं विचारायचं, कशाचे?

उगाचच:
१०० धरा हे ठीक पण सगळीकडे चालत नाही हां, क्लासवाले ते मंत्रासारखं शिकवतात आणि मुलं अडकतात. समजा ४० लिटर द्रावणात २५% ऍसिड आहे, किती पाणी घातलं की ते २०% होईल? मुलं ५% कमी करायचंय म्हणून ४० चे ५% म्हणजे २ लिटर लिहून मोकळी. इथे जे बदलत नाही ते धरायचं, ऍसिड १० लिटरच राहणार, १० हे २०% कशाचे? ५० चे. मग पाणी १० लिटर.

तिरकस_कंस:
@उगाचच बरोबर, मी फक्त वरच्या उदाहरणाबद्दल बोलत होतो. त्यात खरे आकडे दिलेच नाहीत म्हणून १०० चाललं, तुमच्यात ४० दिलेत.

पाटीपेन्सिल:
थँक्यू दोघांना, १०० जणांचं लगेच पटलं त्याला. आता विचारतोय की अ हा ब पेक्षा २५% जास्त असेल तर ब हा अ पेक्षा २५% कमी का नाही, हे पण तेच ना?

उगाचच:
तेच. ब १०० तर अ १२५. फरक दोन्हीकडून २५ च, पण दुसऱ्या वेळी तो १२५ चा भाग आहे म्हणून २०%. आणि आता त्याला पहिलंच उदाहरण उलटं घालून द्या: मुलगे २०% नापास, मुली ३०% नापास, एकूण २२% नापास, तर मुलगे-मुलींचं गुणोत्तर किती? हे जमलं तर समजलंय म्हणायचं.

पाटीपेन्सिल:
४:१ म्हणतोय. १०० मध्ये ८० आणि २०, नापास १६ आणि ६. त्याचं म्हणणं २२ हे २० च्या एवढं जवळ आहे म्हणजे मुलगे खूपच जास्त असणार, म्हणून त्याने आधी ३:१ करून बघितलं, मग ४:१. चालेल ना असं?

तिरकस_कंस:
पळेल!