मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलंय, बुलेट निघेल काय?

बावडेकर: कोल्हापुरातून गगनबावड्याकडं निघालोय, मांडुकलीच्या अलीकडं अडकलोय. बॅरिकेड लावलंय पण आत्ताच दोन ट्रॅक्टर बाजूनं गेले, पाणी गुडघ्याएवढं दिसतंय. घरी आईच्या बीपीच्या गोळ्या आज संपतात, उद्या सकाळची नाही. राजाराम बंधाऱ्याला पाणी सकाळपासून ३८ फुटावरच आहे, इशारा पातळी ३९, मग निघू काय?

कुंभीकाठ: नको घालू भावा. राजाराम बंधारा कोल्हापूरच्या खाली पंचगंगेवर, तुझ्यापुढं आहे ती कुंभी नदी. गगनबावड्याला पाऊस लागला की इथं पाणी आधी चढतं, तिकडचा आकडा मागनं हलतो. आणि गुडघ्याएवढं आहे ते डांबराच्या मधोमध, साईडपट्टी सुटली की कमरेच्या वर, गढूळ पाण्यात डांबर कुठं संपलं ते कळतच नाही.

उसाचा_फड: ट्रॅक्टर बघून दुचाकी घालू नको, मी हेच केलंवतं २०२१ च्या पुरात. पाणी संथ वाटत होतं, फक्त रस्त्याखालच्या मोरीवर ताटाएवढा भोवरा फिरत होता, मला वाटलं खड्डा असंल. पुढचं चाक तिथंच खाली गेलं. मागच्या दोघांनी दप्तराचा पट्टा धरून ओढलं म्हणून वाचलो, गाडी चार दिवसांनी उसात सापडली. पाणी ओसरल्यावर बघितलं तर मोरीवरचा भराव अर्धा वाहून गेलेला आणि वर डांबराचा पापुद्रा तेवढा लोंबत होता. त्यामुळं पाणी उतरलं तरी लगेच जाऊ नको, आधी रस्ता तपासू दे. बुलेट जड वाटत असंल पण ती दोनशे किलोच्या आसपास, आणि एक घनमीटर पाणीच १००० किलोचं असतं रे.

सिस्टर: गोळ्यांसाठी जीव घालू नका दादा. गावातल्या आशाताईंना फोन करा, गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवा, उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या असतात. नाहीच जमलं तर १०७७ ला जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात सांगा, औषधाचं आहे हे आधी सांगा. पण गोळी बदलून देत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बावडेकर: मिळाल्या! आशाताईंकडं त्याच गोळ्या होत्या, चुलतभाऊ घरी देऊन आला, आईशी बोललो. मी मागं फिरलो, कळ्यात मित्राकडं थांबतोय. निघताना तिथल्या सगळ्यांना मोरीचं सांगितलं, दोघं मागं वळले, एकजण अजून गाडी चालू ठेवून पाण्याकडं बघत उभा होता. पोलिसांना सांगून आलोय त्याच्याकडं लक्ष ठेवा म्हणून.