लकव्याची पहिली लक्षणे गावातील प्रौढांना कशी शिकवावीत?

प्रश्न : गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमच्या भागातील आशाताईंसोबत मी बचत गटांच्या बैठकांत आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर थांबलेल्या मंडळींसमोर लकव्याच्या सुरुवातीच्या लक्षणांची माहिती देते. हाताशी असलेले भित्तिपत्रक चेहरा, हात, बोलणे आणि वेळ या इंग्रजी क्रमावर बेतलेले आहे. बैठकीत सगळे माना डोलावतात. परंतु पुढच्या वेळी विचारले, तर 'हातपाय लुळे पडतात' यापलीकडे काही आठवत नाही, आणि घरात खरोखर कुणाला त्रास झाला की 'ऊन लागले असेल', 'सकाळी पाहू' असे म्हणत रात्र काढली जाते. ऐकणाऱ्यांत पन्नाशीपुढचे बरेच जण आहेत, काहींना वाचता येत नाही, आणि काही कुटुंबे घरात कोलामी बोलतात. अशा प्रौढांना लक्षणे ओळखून लगेच निघायला कसे शिकवावे?

उत्तर : समुदाय आरोग्य अधिकारी, वर्धा जिल्हा

ताई, हा आजार शहरातल्या लोकांचा, असा समज अजूनही आहे, म्हणून आधी एक गोष्ट सांगते. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूच्या कारणांमध्ये पक्षाघात पहिल्या क्रमांकावर आढळला आणि त्यातील बहुतेक माणसे घरीच दगावली होती.

शिकवताना भित्तिपत्रक बाजूला ठेवा आणि लोकांकडून करून घ्या. दोघा-दोघांना समोरासमोर बसवून एकाला दात दाखवून हसायला सांगावे, मग डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगावे आणि दहापर्यंत मोजावे, आणि शेवटी प्रार्थनेतील सर्वांना पाठ असलेली एक ओळ म्हणायला लावावी. एखाद्या बाईला आधीच समजावून ठेवा, की तिने एक हात हळूहळू खाली येऊ द्यायचा किंवा तोंडाची एक बाजू ढिली सोडायची. समोरच्याने ते शोधून काढायचे. स्वतः शोधलेले लक्षण लोक विसरत नाहीत. यासोबत अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे आणि पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, हेही सांगावे.

उन्हाबद्दल मात्र वेळ देऊन बोला, कारण आपल्याकडे मे महिन्यात सगळ्याचे खापर उन्हावर फुटते. ऊन लागलेल्या माणसाला ताप, तहान आणि सर्व अंगाला थकवा असतो; एकच हात पडणे किंवा तोंड एका बाजूला वाकणे हे उन्हाने होत नाही. जीभ जड झाली की 'पिऊन आला असेल' म्हणून माणसाला बाजेवर निजवून ठेवतात. त्यामुळेही मोलाचा वेळ जातो.

मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. म्हणून 'शेवटचे ठीक कधी पाहिले?' हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी बसवा. डॉक्टर प्रथम हेच विचारतात. तोवर पाणी, चहा किंवा घास देऊ नये, कारण गिळणे बिघडलेले असेल तर तो श्वासनलिकेत जातो. रक्त पातळ करणारी गोळीही घरी देऊ नये. गुठळीचा आणि रक्तस्रावाचा झटका बाहेरून सारखाच दिसतो. कबुतराच्या रक्ताने मालीश करण्याची पद्धत काही गावांत अजून आहे. तिच्याबद्दल कुणाला न दुखावता, परंतु स्पष्ट बोलायला हवे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

मी प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत शिकवलेले आहे, त्यामुळे थोडे शिकवण्याविषयी लिहितो. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या प्रौढांसाठी हीच अडचण आली होती. चेहरा, हात, बोलणे, वेळ यांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या 'फास्ट' या शब्दाची अक्षरे त्यांच्या भाषेतील लक्षणांशी जुळेनात, तेव्हा तेथील लोकांनी भाषांतराचा नाद सोडून 'रापिदो' (म्हणजे 'झटपट') हा स्पॅनिश शब्दच घेतला आणि त्याच्या अक्षरांत तोल व दृष्टी यांनाही जागा दिली. आपल्या श्रोत्यांना अक्षरांचाच आधार नाही, म्हणून अंगाचाच क्रम धरावा : डोके, डोळे, तोंड, हात, पाय. कोलाम पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, कोलामी बोलणाऱ्या ताईंनाच शिकवू द्यावे; आपले मराठी बोलणे कुणी मागाहून उलगडून सांगणे वेगळे आणि त्यांच्यातल्याच बाईने हात धरून करून दाखवणे वेगळे.

अधिकारीताईंपेक्षा माझे मत एका बाबतीत निराळे आहे. एका बैठकीत तोंड, हात आणि बोलणे एवढेच घ्यावे, बाकीचे पुढच्या वेळी. उरलेला वेळ निघण्याच्या सरावासाठी ठेवावा, कारण माझ्या पाहण्यात उशीर होतो तो बहुधा निर्णय कुणी घ्यायचा यावरून. सुनेला लक्षण दिसते. पण सासरे शेतातून आल्याशिवाय किंवा मुलाचा फोन लागल्याशिवाय गाडी बोलावली जात नाही. म्हणून बैठकीला घरातील कर्त्या पुरुषांना आणि म्हाताऱ्यांना आवर्जून बोलवा, आणि 'मला असे झाले तर कुणाची वाट न पाहता १०८ ला फोन कर' हे त्यांनीच सुनेला सर्वांसमोर सांगावे. फोनवर काय बोलायचे, म्हणजे गाव, फाट्यावरून येण्याची खूण, काय झाले आणि केव्हापासून, याची तालीमही तिथेच व्हावी.

उत्तर : शेतकरी, वाशीम जिल्हा

ताई, एक गोष्ट जरूर शिकवावी. सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या मोठ्या भावाच्या हातातून विळा गळून पडला, बोबडी वळली आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत झाले. तो पुन्हा कामाला लागणार होता, पण कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने ऐकले नाही आणि त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. बीपी खूप वाढलेला होता आणि हृदयाचे ठोकेही अनियमित होते. पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, असे डॉक्टरांनी सांगितले. लक्षण निघून गेले तरी जायचेच, हे लोकांना पटत नाही. त्यावर जोर द्यावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत जोड्या करून सराव घेईन आणि म्हाताऱ्या मंडळींना आधी निरोप पाठवीन. एक शंका आहे : रुग्णाला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे, की थेट मोठ्या रुग्णालयात?

समुदाय आरोग्य अधिकारी, वर्धा जिल्हा

ताई, जिथे सीटी स्कॅन रात्रीही सुरू असतो, तिथे. आपल्या तालुक्यापासून असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची खात्री तुम्ही स्वतः आधी करून घ्या आणि त्याचे नाव व फोन आशाताईंकडे आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवा. १०८ वर बोलताना 'लकव्याची लक्षणे आहेत, सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्या' असे स्पष्ट म्हणावे. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा श्वास नीट चालत नसेल, तर मात्र रुग्णवाहिकेतील डॉक्टर म्हणतील तिथे थांबावे. उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांचा बीपी आणि साखर तपासली जाते. ज्यांचा बीपी वाढलेला आहे आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सुटलेला नाही, त्यांच्या घरच्यांना हा सराव सर्वांत आधी द्या.