मदत हवी आहे: डिस्लेक्सियासाठी मान्यताप्राप्त शिक्षिका (तातडीचं)

कृष्णाकाठ, सोमवार रात्री १०:४२
मला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असलेल्या मुलांसाठी मान्यताप्राप्त स्पेशल टीचर व्हायचंय. कोर्स कोणता, किती दिवसांचा, फी किती? आधीचं सर्टिफिकेट चालणार नाही म्हणाले. १५ तारखेच्या आत कागद द्यायचाय. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

खवट_मास्तर, १०:५८
कुठलं सर्टिफिकेट? कोण म्हणालं? गाव कुठलं, बी.एड. आहे का? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारताय.

कृष्णाकाठ, ११:०५
सांगली. बी.ए. बी.एड., ९ वर्षं मराठी शिकवतेय. शाळेने विचारलंय, आणखी कोण विचारणार!

वेलांटी, ११:३१
ताई, शाळेने सीआरआर नंबर मागितला असणार. भारतात ही मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची. त्यांच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागलं की नंबर मिळतो, आणि नाव लागायला परिषदेने मंजूर केलेला कोर्स लागतो. मी बी.एड. स्पेशल केलं, एलडी (अध्ययन अक्षमता) ग्रुप घेऊन. पूर्ण २ वर्षं. साधं बी.एड. असलं तरी त्यावर हा नंबर मिळत नाही. कॉलेजचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा, आणि ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षाची मंजुरी आहे का तेही बघा. ऑफिसातला माणूस 'मान्यता आहे हो' म्हणतो, त्यावर जाऊ नका. नंबर मिळाल्यावरही दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं.
१५ तारखेचं मात्र विसरा.

टेम्सकाठचा_गणू, मंगळवार पहाटे ३:१२
आमच्याकडे ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनची पद्धत छान आहे. लेव्हल ५ केलं की एटीएस म्हणजे मान्यताप्राप्त शिक्षकाचा दर्जा, लेव्हल ७ केलं की एएमबीडीए म्हणजे असोसिएशनचं सहयोगी सदस्यत्व. नोकरी सांभाळून होतं. लिंक पाठवू का?

खवट_मास्तर, सकाळी ७:२०
गणूशेठ, बाई सांगलीच्या आहेत.

आईची_चिंता, ८:१५
थोडं अवांतर. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, 'भ' आणि 'म' उलटसुलट करतो. दहावीला जादा वेळ मिळतो म्हणे. सर्टिफिकेट कुठे मिळेल?

वेलांटी, ८:४०
आत्ता बहुधा नाही मिळणार. २०१८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे वयाची ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळायचं. मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असायची. २०२४ मध्ये नियम बदललेत, आताचे विचारून घ्या. कागद मिळेपर्यंत शिकवणं मात्र थांबवू नका. आणि वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

ओजी_प्रेमी, १०:०२
सगळे कागदामागे का लागलेत? ऑर्टन-गिलिंगहॅम (ओजी) ही शिकवण्याची पद्धत शिका. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करतेय, त्यांची प्रशिक्षणं बघा. माझ्याकडे शिकवणीला २२ मुलं येतात, एकाच्याही आईने नंबर विचारला नाही.

वेलांटी, १०:२०
आईने नाही विचारला, पण शाळा विचारतेय ना! परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करण्याला शिक्षा सांगितली आहे. आणि ओजी मुळात इंग्रजीसाठी आहे. मराठीत घोटाळा वेगळ्या जागी होतो. माझ्याकडची एक चौथीतली मुलगी 'क्रम' आणि 'कर्म' दोन्ही एकसारखंच वाचायची. परातीत रवा पसरला. रफार बोटाने वर काढायचा आणि 'र' आधी म्हणायचा, क्रमाची तिरकी रेघ खाली काढायची आणि 'र' नंतर म्हणायचा. तीन आठवडे तेवढंच. रवा घरभर.

ओजी_प्रेमी, १०:२६
डोळा, कान आणि बोट एकदम. हेच तर ओजी!

वेलांटी, १०:३१
आमच्या आजीने धुळाक्षरं गिरवली, तेही ओजीच म्हणा मग.

खवट_मास्तर, ११:००
+१. धागाकर्ती कुठे आहे? ते 'आधीचं सर्टिफिकेट' कसलं होतं?

कृष्णाकाठ, रात्री ९:५०
पेपर तपासत होते. ३ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता, १८,००० भरून. सर्टिफिकेटवर 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' छापलंय, सोनेरी शिक्का आहे. वेलांटीताईंनी सांगितल्यावर यादी पाहिली, त्यात त्या कोर्सवाल्यांचं नाव नाही. फोन केला तर म्हणतात, 'मॅडम, आम्ही आरसीआय म्हटलंच नव्हतं.' आणि खरंच कुठेही म्हटलेलं नाही.
शाळेत सध्या स्पेशल एज्युकेटर म्हणून माझंच नाव लावलंय, तपासणी यायची आहे म्हणून.

वेलांटी, १०:०४
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतंत. ते नाव आधी काढायला लावा, लेखी अर्ज देऊन. पोच घ्या. कोर्सचं नंतर बघू. फीच्या पावतीवर आणि जाहिरातीत नेमके शब्द काय आहेत?

टेम्सकाठचा_गणू, १०:११
लिंक पाठवली आहे, मिळाली का?

कृष्णाकाठ, १०:३७
पावती सापडली. जाहिरात व्हॉट्सॲपवर होती, फोन बदलला तेव्हा गेली. अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा की थेट संस्थेला?