‘विचारलं’ म्हणजे काय विचारलं? बिनहुकमीनंतरच्या ४ बिनहुकमीला शब्द हवा

गुहागर:

गेल्या गणपतीत आरत्या आणि जेवणं आटोपल्यावर ओटीवर ब्रिज मांडला. भिडू होत्या वहिनी. त्यांनी १ बिनहुकमी (हुकुमाविना खेळायची बोली) उघडली, म्हणजे १५ ते १७ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि समतोल पानं. माझ्याकडे १६ गुण. मी ४ बिनहुकमी म्हणालो. ४ बिनहुकमी ही एक्क्यांची चौकशीही असते; तशी समजून वहिनींचं उत्तर आलं ५ बदाम, म्हणजे दोन एक्के. मी एक्के विचारलेच नव्हते! आता ५ बिनहुकमी म्हणावं तर ती राजांची चौकशी ठरणार, म्हणून नाइलाजाने ६ बिनहुकमी, म्हणजे बारा हात, म्हणालो. त्यांच्याकडे नेमके १५ गुण. अकरा हात झाले, एक डाउन.

“अहो भावजी, तुम्हीच विचारलंत ना?”
“विचारलं, पण तुम्हाला विचारलं, वर जायचं का म्हणून!”

दोघंही खरं बोलत होतो. एक्क्यांची चौकशी आणि भिडूची इच्छा, दोन्हींना आपण ‘विचारणे’ हे एकच क्रियापद वापरतो. घोळ तिथेच आहे. या दोन गोष्टींना वेगळे मराठी शब्द आहेत का? आणि ‘स्लॅम’ला, म्हणजे बारा किंवा तेरा हातांना, काय म्हणता? (मी ‘हात’ हा शब्द एका फेरीच्या चार पानांसाठीच वापरतो. वाटलेल्या तेरा पानांना ‘पानं’.)

मालवण:

स्लॅमला ‘कोट’ म्हणा. मेंढीकोटात चारही दश्श्या घेतल्या की कोट, तेरा हात घेतले की बावन्न पानांचा कोट. पोरासोरांनाही कळतं.

गुहागर:

शब्द आवडला, पण एक अडचण आहे. आपला कोट खेळून झाल्यावर मोजतात. ब्रिजमध्ये बारा हात केले आणि बोली ३ बिनहुकमीचीच असली, तर स्लॅमचं बक्षीस मिळत नाही. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये मिळायचं. हॅरोल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये, ‘फिनलँड’ नावाच्या बोटीवर पनामा कालव्यातून जाताना, नवी गुणपद्धत मांडली आणि आधी बोलाल तरच बक्षीस असं ठरवलं. छोट्या स्लॅमला ५००, मोठ्याला १०००, आणि गेम झालेला असेल तर ७५० आणि १५००. म्हणून नुसता कोट नको, ‘बोलीचा कोट’ म्हणू या. बारा हातांचा आणि तेरा हातांचा.

सावंतवाडी:

‘बिनहुकमी’ या शब्दाबद्दल थोडं. हुकूम नसलेला डाव आपल्याकडे ब्रिजबरोबर आला असं अनेकांना वाटतं. आमच्या गावच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पानं. तिथे हुकूम हा प्रकारच नाही, त्या त्या रंगातलं मोठं पान हात ओढतं. दिवसा खेळ असला तर रामाच्या राजाची उतारी, रात्री कृष्णाची. तेव्हा हा शब्द नवा असेल, कल्पना घरचीच आहे.

वेंगुर्ले:

मूळ प्रश्नाला आमच्याकडे शब्द आहे: आवतण. आवतण इला, जावचा काय नाय ता आपण ठरवचा. भिडूच्या १ बिनहुकमीवर थेट ४ बिनहुकमी म्हणजे आवतण. १५ असले तर पास, १७ असले तर ६ बिनहुकमी.

एक्के विचारायची गरज तिथे का पडत नाही, तेही सांगतो. गड्डीत गुण ४०. बारा हातांना ३३ लागतात असं धरतो. दोघांचे मिळून ३३ असले तर समोरच्यांकडे ७ उरतात, आणि दोन एक्क्यांचे गुण होतात ८. दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत. तेरा हातांना ३७ लागतात, मग समोर ३ उरतात आणि एकही एक्का नसतो. गुणांनीच उत्तर दिलेलं असतं.

लांब रंग हातात आहे आणि एक्के मोजायचेच आहेत, तर ४ किलवर. ही रीत जॉन गर्बरने १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. ४ चौकट म्हणजे एकही नाही किंवा चारही, ४ बदाम एक, ४ इस्पिक दोन, ४ बिनहुकमी तीन. हिला मी ‘पुसणी’ म्हणतो. पुसणीला उत्तर द्यावंच लागतं, आवतणाला नकार चालतो.

जाता जाता: डच लोक या रंगाला ‘क्लावर’ म्हणतात आणि आपण ‘किलवर’. आमच्या डच वखारीच्या भिंतींजवळून जाताना मला हे साम्य योगायोगाचं वाटत नाही.

रत्नागिरी:

आवतण उत्तम. पण संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून एक भर घालते. पाणिनीच्या एका सूत्रात (३.३.१६१) विधी, निमंत्रण, आमंत्रण, संप्रश्न असे शब्द येतात. आज आपण निमंत्रण आणि आमंत्रण एकाच अर्थाने लग्नपत्रिकेवर छापतो. काशिका ही पाणिनीच्या सूत्रांवरची वृत्ती (टीका) भेद करते: निमंत्रण म्हणजे यायलाच हवं, आमंत्रण म्हणजे आपल्या इच्छेवर.

आता १ बिनहुकमीनंतरच्या बोल्या पाहा. ४ बिनहुकमी हे आमंत्रण. थेट ५ बिनहुकमी, जुन्या रीतीप्रमाणे, निमंत्रण: सहावर जाणं सक्तीचं, सातवर जायचं का एवढंच तुमच्या हाती. ४ किलवर हा प्रश्न. आणि थेट ६ बिनहुकमी हा विधी, तिथे भिडूने गप्प बसायचं. इतका नेमका भेद भाषेत असताना आपण तो पुसून टाकला याचं मला मनापासून वाईट वाटतं. पत्त्यांच्या निमित्ताने तो परत आला तर फार बरं होईल.

गुहागर:

ताई, हे वाचून लगेच वहिनींना फोन लावला. ठरलं: ४ बिनहुकमी आवतण, ५ बिनहुकमी निमंत्रण, ४ किलवर पुसणी. ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “आणि माझ्याकडे बरोबर १६ असले तर?”

तर पाच पानांचा रंग बघायचा आणि दश्श्या मोजायच्या. मेंढीकोटात ज्यांच्यासाठी जीव टाकतो त्या दश्शीला ब्रिजमध्ये गुण शून्य, पण बिनहुकमीत राणी-गुलामाच्या जोडीला दश्शी असली की एक हात कधीकधी वाढतो. तशा दोन असल्या तर या, वहिनी.