गाडी पार्किंगमध्ये, चलन एक्सप्रेसवेचं, आणि म्हणे "भरून टाका"

सिंहगडरोडवाला: काल एकाने इथे लिहिलं, "नंबर क्लोन झाला, म्हणजे दुसऱ्याने तुमचा नंबर आपल्या गाडीवर लावला, तरी चलन दोन हजारांचंच आहे, भरा आणि विषय संपवा." का म्हणून भरू? त्या दिवशी माझी स्विफ्ट सोसायटीत कव्हर घालून उभी होती. चलनातला फोटो झूम केला तर रंग तोच, नंबर तोच, पण बंपरमध्ये फॉगलॅम्प! माझं बेस मॉडेल, तिथे नुसती काळी प्लॅस्टिकची टोपी आहे. पैसे भरले म्हणजे गाडी माझीच होती हे मीच कबूल केलं. उद्या तो कुणाला उडवून पळाला तर पोलीस माझ्याच दारात, आणि गाडी कोण चालवत होतं विचारलं तर काय सांगू?

निवांत_काका: मीच लिहिलं होतं. गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याने असंच तत्त्व धरलं, तीन अर्ध्या रजा गेल्या, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. लोकअदालतीत तडजोड होते, तिथे मिटवा.

मृण्मयी_के: काका, तडजोड गुन्हा करणाऱ्याने करायची. महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका, आपल्या गाडीचे समोरून-मागून फोटो, आरसी, फास्टॅगचं स्टेटमेंट जोडा. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच महत्त्वाची.

एमएच१२_जुना: एचएसआरपी, ती होलोग्राम आणि लेझर कोडवाली सक्तीची नंबरप्लेट, लावली होती का? नसेल तर रडू नका.

सिंहगडरोडवाला: लावली हो! २०१७ ची गाडी, ८७९ रुपये मोजून.

एमएच१२_जुना: मग क्लोन झालीच कशी?

मृण्मयी_के: अहो, कॅमेरा आकडे वाचतो, होलोग्राम नाही. लेझर कोड बघायला कुणीतरी गाडी थांबवायला हवी.

निवांत_काका: म्हणजे ८७९ पाण्यात. प्लेट लावायची मुदत किती वेळा वाढवली, आम्ही पहिल्याच तारखेला धावलो, आणि पाटीवर ४१४१ चा 'दादा' करून फिरणारे मोकळे!

एमएच१२_जुना: पाण्यात नाही. सगळ्यांनी लावली की साधी पाटी लांबूनच उठून दिसेल. तुमच्यासारखे कुरकुरतात म्हणून अर्धं शहर अजून...

निवांत_काका: मी लावलीय म्हटलं ना! वाचता येतं का?

मृण्मयी_के: चलनावर बोलूया का?

एमएच१२_जुना: बोला. फास्टॅग स्टेटमेंटने फार काही सिद्ध होत नाही, टोल न लागणाऱ्या रस्त्याने गेलात म्हणतील.

सिंहगडरोडवाला: चलन एक्सप्रेसवेचं आहे, तिथे टोल चुकवून कोण जातं? ...पण बरोबर आहे, टॅग काढून ठेवला असं म्हणू शकतात. म्हणूनच फॉगलॅम्प.

निवांत_काका: बरं बाबा, करा तक्रार, जिंकलात. पण निकाल लागेपर्यंत चलन पेंडिंग दिसणार, चौकात मामा अडवणार, तेव्हा त्यांना फॉगलॅम्प समजावत बसा.

सिंहगडरोडवाला: दोन्ही बंपरचे फोटो प्रिंट काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवलेत, अर्जाच्या पोचेसकट.